सोनेरी पापुद्रा

३ मार्च, मंगळवार

परत सोललं कोटिंग! तिसरी बॅच.

चेंबरचं दार उघडलं तेव्हा ड्रिल कसले चमकत होते — पिवळेधमक, खरं सोनं वाटावं असे. साहेबांनी एक घेतला, कोटिंग धरतंय का बघायला हिऱ्याच्या टोकाने दाबला, मायक्रोस्कोपखाली बघितला. खड्ड्याभोवती पापुद्रे उठलेले.  साहेब चष्मा काढून पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चेंबर चालवणाऱ्याला आम्ही भोंगा म्हणतो. हळू बोलणं त्याला जमतच नाही. म्हणाला, "नवरीसारखं रुसलंय कोटिंग! अंगाला चिकटतच नाही!"

कुणी हसलं नाही. मी हसले, पण आतल्या आत.

४ मार्च

आई विचारत होती, "एवढ्याशा रंगाने काय होतं गं?"

रंग नाही तो! मी सांगितलं तिला. चेंबरमधली सगळी हवा ओढून घेतात. मग धातूची वाफ करतात आणि ती ड्रिलवर बसते. एका केसाचे उभे वीस भाग केले तर त्यातला एक, एवढाच थर. पण पोलादापेक्षा कडक. साधा ड्रिल शंभर भोकांत बोथट होतो, तोच आमचा पाचशे पाडतो. फक्त थराखाली काही राहता कामा नये. एक बोट लागलं तरी संपलं.

आई म्हणाली, "आज बरीच बोललीस."

मग मी गप्प झाले. बोललीस म्हटलं की माझं असंच होतं. शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिले की आवाजच फुटायचा नाही. सगळं येत असून शून्य! नववीत सोडलीच. ड्रिल काही विचारत नाहीत.

५ मार्च

साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. गिऱ्हाईक आता एकच बॅच देणार, ती सोलली तर ड्रिल दुसरीकडे. म्हणजे धुण्याच्या खोलीत दोघी लागणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही. पण मला आणि काकूंना कळलं.

दोघीच असतो आम्ही तिथे. मी ड्रिल धुते, सुकवते. काकू ते स्टँडमध्ये लावतात. माझ्या बदल्यात त्याच बोलतात. कुणी मला काही विचारलं की, "तिला राहू दे, मला विचार." हातमोजे कसे चढवायचे तेही त्यांनीच शिकवलं.

साहेब शेवटी म्हणाले, "सिलिकॉनचा संशय आहे मला. तेलासारखं चिकटून राहतं, वर कोटिंग बसू देत नाही; थेंबभर पुरे होतं. कुठून येतंय शोधा. दिसलं तर थेट मला सांगा."

६ मार्च

दिसलं.

काकूंचे हात फुटलेत; मी यायच्या आधी धुणं त्यांच्याकडे होतं, त्या औषधाच्या पाण्याने. मोजे चढवायच्या आधी त्या क्रीम लावतात. आज ट्यूब टेबलावर होती. मागे मुंगीएवढी अक्षरं, आणि त्यात तो शब्द. सिलिकॉन.

"काय वाचतेस एवढं? घे, लाव तूही."

नको म्हटलं. क्रीमच्या हाताने मोजे ओढायचे, तेच मोजे ड्रिलला. बरोबर जुळतंय. फार बरोबर!

७ मार्च

काकूंना सांगणार होते. सकाळी ठरवलं, दुपारी ठरवलं, सुटताना ठरवलं. फाटकाशी त्या म्हणाल्या, "काय गं, तोंडात मूग धरलेत का आज?" म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त गप्प होते!

सांगितलं नाहीच.

९ मार्च, सोमवार

सांगितलं. साहेबांना.

काकूंशी बोलण्यापेक्षा ते सोपं गेलं. असं का, माहीत नाही. परक्या माणसापुढे घाबरते ना मी! पण काकूंचा चेहरा पडलेला बघायला जास्त घाबरले. म्हटलं, "साहेब, काकूंचं क्रीम." तीनच शब्द. आवाज फुटला म्हणून मलाच नवल वाटलं. तेवढ्यात मागून भोंगा — "क्रीम?!" सगळ्या शेडला कळलं.

साहेबांनी ट्यूब वाचली. मला म्हणाले, "शाब्बास. डोळे आहेत तुला." काकूंना पॅकिंगमध्ये पाठवलं. रागावले नाहीत. "तुम्हाला कसं माहीत असणार," म्हणाले.

काकू म्हणाल्या, "सहा वर्षं हेच लावतेय, साहेब." मग ॲप्रन घडी करून ठेवला. माझ्याजवळून जाताना हळूच, "मला सांगायचंस ना, बाळा."

शाब्बास दिवसभर कानात होतं. आणि बाळा पण.

१० मार्च

धुतलं मी, सुकवलं मी, लावलं मी. धुण्याच्या टाकीचा घूं-घूं आवाज. बाकी कुणी नाही.

१२ मार्च

जेवायला पॅकिंगच्या टेबलाशी गेले. लांब उभी होते. काकूंनी खोके सरकवून जागा केली. "बस. खोक्यांशी बोलून बोलून कंटाळले मी. तुझ्यापेक्षा तीच बरी म्हणा, निदान उघडल्यावर वाजतात तरी!"

माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी त्यात घास घातला.

बॅच आत गेलीय. साहेब म्हणाले, यश आलं तर मायक्रोस्कोपवर मीच बसायचं. घरी सांगितलं नाही. झालं की सांगीन.

१४ मार्च, शनिवार

सोललं.

साहेब कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढेनात. 

काकू सोमवारपासून पॅकिंगमध्ये आहेत. त्यांचा हात नाही, क्रीम नाही, तरी सोललं; म्हणजे दोष क्रीमचा नव्हताच. ड्रिलना हात लावणारी आता एकच — मी.

साहेबांनी अजून विचारलं नाही. आज साहेबांच्या आधी काकूंना सांगायला जाते.