हौशी पाहुण्यास आवरण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लिलाव कक्ष,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : खेळाडूंच्या कार्डांच्या लिलावात खोटी बोली लावून भाव चढवणाऱ्यास आवरणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ज्यात 'चढाओढ ही लिलावाची शोभा होय' असे कळविले आहे.

महोदय,

शोभेबद्दल अर्जदार आभारी आहे.

१. अर्जदाराचा थोरला भाऊ एकच हंगाम हॉकी खेळला, गोलरक्षक म्हणून. त्या वर्षी त्याचे कार्ड छापले गेले. भाऊ आता हयात नाही. त्याचा हसतानाचा फोटो तेवढाच, आणि आईला तो उशाशी हवा आहे.

२. हे कार्ड लिलावात आले की 'हौशी पाहुणा' नावाचे खाते हजर. अर्जदाराने बोली लावली रे लावली की पाहुण्याची तिच्यावर चढलीच. पाहुणा दुसऱ्या कोणाच्या दारी जात नाही. त्याला हाच विक्रेता प्रिय. एकदा अर्जदार मुद्दाम गप्प बसला. पाहुणा जिंकला, आणि आठवडाभरात तेच दुमडल्या कोपऱ्याचे कार्ड त्याच विक्रेत्याकडे पुन्हा विक्रीस! आपण यास योगायोग म्हटले. योगायोग भलताच कष्टाळू आहे. आई म्हणते, "अरे, एवढा इरेला पेटायला तो काय त्याचा भाऊ होता?"

३. आपण पुरावा मागितला होता. विक्रेत्याने टाकलेल्या नव्या फोटोत कार्ड एका टेबलाच्या काचेवर ठेवले आहे. काचेच्या कोपऱ्याला तडा असून त्यावर निळी चिकटपट्टी आहे. याच काचेवर हाताचे कोपर टेकून अर्जदाराने आपल्यासमोर तीनदा तक्रार लिहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कुंपणच शेत खाते, असे म्हणण्याइतका अर्जदार उद्धट नाही. विक्रेता आपल्या गैरहजेरीत आपल्या टेबलावर फोटो काढून जातो, हे उघड आहे. फोटोत कडेला दिसणारी हिरव्या खड्याची अंगठीही त्याने आपल्याच बोटातून उसनी नेली असावी.

४. तरी चौकशी आपणच, आपल्याच खोलीत, दार लावून करावी. जाण्यायेण्याचा वेळ वाचेल. आज संध्याकाळी लिलाव संपतो. अर्जदार जमेल तेवढी शेवटची बोली लावणार आहे. पाहुण्याने आजच्या दिवस हौस आवरावी, ही विनंती.

आपला नम्र, आणि आपल्या टेबलाशी परिचित,
समोरचा चष्मेवाला

दिनांक : लिलावाचा शेवटचा दिवस
सोबत : काचेचा फोटो, मोठा करून.

ता.क. फोटोत कार्डाला खेटून चहाचा कप आहे. तेवढा जरा लांब ठेवा. तो माझा दादा आहे.