गाडीत झोपू पाहणाऱ्या भावास

चि. हेमेंद्र यास,

इंदुताईचे आशीर्वाद. तुझी साखर किती आहे ते कळव. ‘ठीक आहे’ असं लिहू नकोस, आकडा लिही. इकडे ह्यांचा गुडघा बरा आहे. शहरातलं, हजीऱ्याचं घर सोडून गावात राहायला आल्यापासून त्यांना गुडघ्याकडे बघायला सवड नाही. का, ते पुढे येईलच.

नागपूरहून तू पलंगवाली नवी गाडी घेऊन येणार, आमच्या दारात लावणार आणि चार रात्री तीतच झोपणार (म्हणे ‘ताईला त्रास नको’), हे वाचलं. तसं चालणार नाही. इथे त्याविरुद्ध नियम आहे आणि तो मीच करवून घेतला आहे.

झालं असं, की दगडाचे ट्रक रात्री आमच्या गल्लीत उभे राहत. ड्रायव्हर आत झोपत आणि सकाळी माझ्या जास्वंदीवर चुळा भरत. मी पंचायतीत कागद लिहून नेला (एम.ए. कधीतरी उपयोगी पडावं): बाहेरगावच्या माणसाने गल्लीत गाडीत झोपू नये, झोपल्यास ज्याच्या दारात गाडी असेल त्याने त्याला हाकलावं, न हाकलल्यास त्या घरमालकाचं नाव देवळाच्या भोंग्यावरून वाचावं. सरपंचांच्या आई शांतपणे म्हणाल्या, “भगाना क्यों, बहनजी? आदमी है, बकरी थोड़े है. भीतर सुलाओ.” झालं. ‘हाकलावं’ खोडून ‘घरात झोपवावं’ लिहिलं आणि एकमताने मंजूर. भोंगा मात्र तसाच ठेवला.

आता आमच्या व्हरांड्यात चार खाटा आहेत. आमच्याकडे कूलर आहे आणि सकाळी पोहे मिळतात हे झाशीपर्यंत कळलेलं दिसतं, कारण ट्रक दुसऱ्या कोणाच्या दारात थांबतच नाहीत. हे त्यांच्याबरोबर पत्ते खेळतात (आणि हरतात). काल एकजण मला म्हणाला, “अम्मा, आज पोहे में नींबू कम था.” कमी होतं, हे खरं आहे.

शेजारचे महिपतराव निवृत्त सुभेदार. त्यांचा जावई रुसून गाडीत झोपला, तर सकाळी आरतीनंतर सासऱ्याचं नाव तीनदा वाचलं गेलं. तेव्हापासून दूध आणायला त्यांची सून जाते. नियम करणारीचंच नाव वाचलं गेलं, तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. तेव्हा तू मुकाट्याने घरात झोपायचं.

तुझी,
इंदुताई

ता. क. व्हरांड्यात जागा नाही. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर झोप. संकोच करू नकोस.

ता. क. दुसरा. कागद पुन्हा वाचला. घरच्या माणसाने, म्हणजे मी, गाडीत झोपू नये असं त्यात कुठेही नाही. चारऐवजी आठ रात्री राहा. तुझ्या गाडीतल्या गादीची लांबी आणि खिडक्यांना पडदे आहेत का, ते उलटटपाली कळव. ह्यांना कळवू नकोस; ते पाच फूट आठ आहेत, पण पाय दुमडून झोपतात.