आबांची गोळी आणि आईची सहाण

हैदराबाद, ८ जुलै २००२

ती. आईस श्रुतीचा जयभीम.

आम्ही दोघं मजेत आहोत. दादाचा फोन आला होता. म्हणाला, "आई आबांची बीपीची गोळी सहाणेवर उगाळून देतीया. म्हणती, श्रुतीनंच लिवलंय, बारीक केलं की औषध लवकर लागू पडतंय!"

अगं, ते आमच्या कारखान्यातल्या यंत्राबद्दल होतं! काय यंत्र आहे म्हणून सांगू! आत ना पातं, ना दगड. हवेच्या झोतात औषधाचे कण एकमेकांवर आपटून पिठाहून बारीक होतात. जे औषध न विरघळताच पोटातून जायचं, ते आता रक्तात उतरतं.

पण आबांची गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणूनच तशी बनवलीय. उगाळली की सगळं औषध एकदम अंगात जातं. त्यांना गरगरतंय असं दादा म्हणाला, ते त्यानंच असेल. दादाला डॉक्टरांकडं न्यायला सांगितलंय, पण तू माझंच ऐकशील म्हणून लिहितेय. गोळी अख्खीच दे. आता बरं वाटतंय का त्यांना?

रागावू नकोस. तुझ्यासारखं मऊ उगाळणं आमच्या यंत्रालाही जमायचं नाही. सहाण जपून ठेव. थंडीत मी बाळंतपणाला येतेय, बाळगुटी तुझ्याच हातची हवी.

तुझी,
श्रुती