पिसाऱ्याविना सेमीफायनल

मुनिरका, नवी दिल्ली
घटस्थापना, १९९६

तीर्थरूप हौसाआत्यास,

राजवीरचा तुरा जमिनीला टेकवून नमस्कार. तुझी आखडलेली मान आता मोकळी झाली असेल. रानात साप कमी झालेत असं आईने कळवलंय. तरी नुसत्या ज्वारीवर दिवस काढू नकोस, तुझ्या वयाच्या लांडोरीला अंगात ताकद हवी. माझी तब्येत उत्तम आहे. खरं तर इतकी उत्तम कधीच नव्हती.

तुला माहीतच आहे, गुडगावात उदयसिंह नावाच्या बिल्डरने आपल्या नव्या सोसायटीच्या जाहिरातीसाठी फुटबॉलचा व्यावसायिक संघ काढलाय आणि त्यात मी सेंटर फॉरवर्ड आहे. (संघात मोर मी एकटाच, बाकी सगळी माणसं, पण बूट सगळ्यांचेच चावतात, त्यामुळे परकं वाटत नाही.) मोसमभर मी गोलमागून गोल केले. समोरचे बचावपटू माझ्या जवळपाससुद्धा फिरकायचे नाहीत. वेगाचा धाक, दुसरं काय! माझ्या खोलीत राहणारा परभणीचा अंबादास मात्र म्हणायचा, "अरे, तू राष्ट्रीय पक्षी. तुला लाथ लागली तर जामीन मिळत नाही, असं सगळीकडे पसरलंय." (तो यूपीएससीची तयारी करतो आणि सामान्य ज्ञानातच नापास होतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही.) मध्यंतरात मी मैदानाच्या मधोमध पिसारा फुलवायचा आणि कडेच्या तंबूत फ्लॅटचं बुकिंग सुरू व्हायचं. बिल्डरसाहेब मला मिठीच मारायचे, अर्थात मागून.

मग भाद्रपद आला. आपल्याकडे भाद्रपदात काय होतं ते तुला सांगायला नको, पण दिल्लीवाल्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. एक पीस बसमध्ये, चार ड्रेसिंग रूममध्ये, असं करत करत सेमीफायनलच्या दिवशी शेवटचं पीस ऑटोरिक्षात गळलं. (ड्रायव्हरने ते लगेच कृष्णाच्या फोटोला खोचलं. मागायची हिंमत झाली नाही.) मैदानावर पोचलो तर बिल्डरसाहेब माझ्याभोवती एक फेरी मारून किंचाळले, "अरे यार, ये तो पीछे से मुर्गी लग रहा है! बाहर बिठाओ इसको!"

आत्या, मी बुटांच्या नाड्या सोडायलाही लागलो होतो. पण आमचे कोच श्यामकांत, कँटोन्मेंटमधून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे सुभेदार, शांतपणे म्हणाले, "साहब, गोल पूँछ से नहीं होता." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "बघतोस काय? आत जा."

गेलो. दिल्लीतल्याच द्वारका भागाच्या संघाने मला ओळखलंच नाही. पहिल्याच चेंडूला त्यांच्या दांडगोबा बचावपटूने अशी लाथ घातली की मी कॉर्नरच्या झेंड्याला जाऊन अडकलो. चोचीत माती, एक पंख मुरगळलेला, आणि लोक हसताहेत. मी उठलो आणि माझ्या लक्षात आलं की मला प्रचंड आनंद होतोय. मोसमात पहिल्यांदाच मला कुणीतरी फुटबॉलपटू समजून लाथ मारली होती! मग मी जो धावलो, आत्या! मागे ओढणारं ओझंच नव्हतं. आपण इतके हलके असतो हे मला माहीतच नव्हतं. सामना संपता संपता उंच आलेला चेंडू मी तुऱ्याने जाळ्यात ढकलला आणि आम्ही जिंकलो. बिल्डरसाहेबांनी मला पुढून मिठी मारली. "शेर है मेरा!" म्हणाले आणि लगेच कानाशी, "पूँछ कब तक आएगी?"

आता फायनल दसऱ्यानंतर. ती मीच जिंकणार, यात शंका नको. घरच्या सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
राजवीर

ता. क. मला सांगून आलेल्या त्या सुनीतीच्या घरचे मला बघायला दिल्लीला यायला निघालेत, असं आईचं पत्र आलंय. आत्या, तुझ्या पाया पडतो, त्यांना अडव. राजवीर दौऱ्यावर आहे म्हण, नागीण झालीय म्हण, काहीही म्हण. पण शिमग्याच्या आत त्यांना गाडीत बसू देऊ नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात घरमालक सांगून गेले, खाली एक लांडोर उभी आहे, एकटीच आलीय, नाव सुनीती सांगतेय आणि विचारतेय, "तो लाथ खाऊन उठलेला मोर इथेच राहतो का?" वरचं सगळं रद्द समज. मी खाली चाललोय, आहे तसाच.