डाव्या खांद्याची पडताळणी

ती. ताईस,

सा. न. (हे लिहिताना खरोखरच वाकलेली आहे, कारण टेबलावर कापड पसरलंय आणि कागद मांडीवर आहे.)

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडता भावोजींच्या हातात दिलं असशील आणि ते आता मोठ्यानं वाचत असतील, असं धरून चालते. भावोजी, नमस्कार. गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून पायरीपायरीला 'हं' म्हणता का? म्हणत राहा, त्यानं ताईला तुम्ही कुठवर आलात ते कळतं. आता पत्र तिच्याकडे द्या आणि चहा टाकायला जा. आम्ही इथं ठीक आहोत. रक्तदाब आम्हा दोघांनाही आहे, पण तो एकमेकांमुळे आहे, त्यामुळे डॉक्टरांना त्यात फारसं करण्यासारखं नाही.

दीड वर्ष झालं, ताई. फोन वाजला की आपण दोघी आपापल्या नवऱ्याला उचलायला लावतो आणि ते बिचारे थंडी-उन्हाबद्दल चार वाक्यं बोलून ठेवून देतात. कारण तुलाही ठाऊक आहे, मलाही. पण मी वजनमापे खात्यातली बाई, नोंद केल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आई गेली त्या आठवड्यात, खोली भेटायला आलेल्यांनी भरलेली असताना, तू मागून आलीस आणि नेहमीसारखा माझ्या डाव्या खांद्यावरचा कपडा धरून वर ओढलास. जन्मभर हेच करत आलीस. शाळेत निघताना, कुणाकडे जेवायला जाताना, माझ्या लग्नात तर फोटोग्राफरला थांबवून. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. हात लावू नकोस मला, मी काय तुझी बाहुली आहे का, असं मी सगळ्यांदेखत ओरडले. तू हात काढलास, बॅग भरलीस आणि गेलीस. एवढंच झालं. दीड वर्ष पुरेल एवढं मोठं ते नव्हतं, पण पुरलं खरं.

आता मुद्द्यावर येते. (तू म्हणशील, ही मुद्द्यावर येते म्हणाली म्हणजे बसायला खुर्ची घ्यावी. घे.) मुद्दा थंडीचा आहे. ऑफिसच्या आवारातली झाडं पिवळी पडली, सकाळी बसच्या रांगेत लोक हात काखेत घालून उभे राहायला लागले, म्हणून मी आईनं शिवलेला शेवटचा कोट ट्रंकेतून काढला. त्याला कसर लागलेली. पाठीवर चार भोकं आणि कॉलर अर्धी खाल्लेली. मी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसले आणि मग, आपल्या घरात कुणी पूर्वी केलं नव्हतं ते केलं. दुकानात गेले आणि तयार कोट आणला.

तो डावीकडे लोंबत होता. गळ्यापासून काखेपर्यंत एक तिरकी चुणी, आणि डावी बाही बोटांच्या पेरांपर्यंत उतरलेली. मी परत गेले, दुसरा आणला. तोही तसाच! तिसऱ्या दुकानात मी ओळखपत्र दाखवलं. (दाखवायला नको होतं. कोट हे काही माझ्या अखत्यारीत येत नाहीत, तराजू येतात.) दुकानदाराला म्हटलं, तुमच्या सगळ्या मालाची डावी बाजू उतरती आहे, हा कारखान्याचा दोष आहे. तो भला माणूस माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलणार होता, मग ओळखपत्राकडे बघून त्यानं तोंड मिटलं. त्याच क्षणी मी ठरवलं की यंदाचे थंडीचे कपडे घरीच शिवायचे. कोट, एक जाड पायजमा आणि उरलं कापड तर ह्यांना बिनबाह्यांचं जॅकेट. आईची मशीन आहे, आईचे कागदी नमुने आहेत, आणि मोजमापात तर माझी तीस वर्षं गेली. अडचण कसली?

तर ताई, मशीन. पहिल्या दिवशी ती चाललीच नाही. दुसऱ्या दिवशी चालली, पण उलटी. मी पुढं ढकलते आणि कापड माझ्याच पोटावर येतं. तिसऱ्या दिवशी बॉबिनमधला दोरा खाली असा काही गुंतला की ह्यांनी तो चिमट्यानं काढला आणि काढताना मला विचारलं, हे आतमध्ये कोण राहतं? पायजमा आधी शिवला, सरावाला म्हणून. त्याचे दोन्ही पाय अगदी एकसारखे झाले, मिलिमीटरचाही फरक नाही, पण मधली शिवण अशी बसली की उभं राहता येतं, बसता येत नाही. सध्या तो ह्यांच्याकडे आहे. हे तो घालून खिडकीपाशी उभे राहून वर्तमानपत्र वाचतात.

मग कोटाचा नमुना काढला. आठवतं का, आईची ती तपकिरी पाकिटं? एकावर 'मोठी', एकावर 'धाकटी'. तुझ्या पाकिटात पुढच्या भागाचा एकच अर्धा कागद आहे, कापड दुहेरी घालून एकदम कापायला. माझ्या पाकिटात मात्र दोन, डावा वेगळा, उजवा वेगळा. म्हणूनच लहानपणी तुझं बेतणं अर्ध्या तासात व्हायचं आणि मी तोंडात लाडू कोंबल्यासारखी गप्प, टाचण्या लावून, तासभर उभी. मला तेव्हा वाटायचं, तू लाडकी म्हणून लवकर सुटतेस. (हे मी तुला कधी सांगितलं नाही. मनात ठेवून चाळीस वर्षं वापरलं मात्र.)

दोन्ही कागद एकावर एक ठेवले, तर डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली! आणि डाव्या खांद्यावर पेन्सिलीची फुली. आता आमच्या खात्यात फुलीचा अर्थ एकच, वजन दोषी, वापरू नये. मला वाटलं, आईची चूक झाली, तिच्या लक्षातही आली, तिनं फुली मारली आणि दुरुस्त करायचं राहून गेलं. तरी मी घाई केली नाही. आधी आईची टेप तपासली, कारण कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबते. ऑफिसातली स्टीलची पट्टी आणून शेजारी ठेवली. टेप बरोबर. टेबलावर पाणसळ ठेवली. टेबल बरोबर. मग खिडकीतल्या उजेडानं भास होत असेल म्हणून कागद फिरवून पाहिले. उजेडही बरोबर. उरली आई. मी डावा कागद उचलला, बाजूला ठेवला, आणि उजव्यावरूनच दोन्ही बाजू कापल्या. आईची चूक मी सुधारली, ताई. कापताना मला बरंही वाटलं, ते लपवत नाही.

तीन आठवडे लागले. अस्तर दोनदा उलटं लावलं, एक बाही आतून बाहेर आली, कॉलरच्या आतल्या कडक कापडाला, बकरमला, इस्त्री चिकटली आणि बोटं इतकी टोचून घेतली की ऑफिसात शिक्का मारताना शाई आणि माझं रक्त असं दोन्ही उमटत होतं. पण पुरा केला. गडद निळा, चार बटणं, आत शिवणीला भरपूर माया सोडलेली. आरशासमोर घातला. डावीकडे लोंबत होता. तीच तिरकी चुणी आणि तीच पेरांपर्यंतची बाही. जणू तिन्ही दुकानदार माझ्या घरात येऊन शिवून गेले होते.

मी तो अंगावर तसाच ठेवून कोपऱ्यावरच्या बटणवाल्या काकांकडे गेले. (तेच, अस्तर, बटणं, दोरे विकणारे. अजून आहेत, चष्मा जाडावलाय.) म्हटलं, काका, तुम्ही जन्मभर शिवणारी माणसं बघितली, मला यातली चूक काढून द्या. ते गल्ल्यामागून बाहेर आले, माझ्याभोवती एक फेरी मारली, शिवण चिमटीत धरून पाहिली, पाठीवरून बोट फिरवलं. मी जशी तराजूभोवती फिरते तसे फिरत होते. मग म्हणाले, बाई, कोट सरळ आहे.

मी म्हटलं, कसा सरळ? बघा की, लोंबतोय. काका दुकानात आत गेले, एक पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यापुढं उघडला. त्यात खांद्याची पॅड होती, सगळी सुटी आणि सगळी उजवी. त्या पॅडमध्ये डावं-उजवं वेगळं असतं, जोडीनंच विकलं जातं. काका म्हणाले, तुमच्या आई दर थंडीच्या आधी यायच्या आणि एकच न्यायच्या. डावं. मी म्हणायचो, जोडी न्या, तर त्या म्हणायच्या, एकच लागतं. थोडं कापडात सांभाळायच्या, थोडं पॅडमध्ये. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.

 मी डब्यात बघत उभी राहिले. त्यातली काही इतकी जुनी होती की त्यांचा कापूस पिवळा पडला होता. फुली म्हणजे चूक नव्हती, ताई. फुली म्हणजे 'इथं पॅड'.

घरी येऊन मी ब्लाउज सैल करून बोटांनी गळ्याखालचं हाड चाचपलं. डावीकडे एक गाठ आहे. मला वाटायचं, सगळ्यांनाच असते. ह्यांना विचारलं, माझा डावा खांदा खाली आहे हे तुम्हाला माहीत होतं? वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, हो, का? सव्वीस वर्षं! बोलला का नाहीत, तर म्हणे, तुझाच खांदा आहे, मला वाटलं तुला माहीत असेल. मग मी मामांना फोन लावला, कारण आता घरात मोठं असं तेवढंच माणूस उरलंय. मामा आधी आढेवेढे घेत होते. आईनं शपथ घातली होती म्हणे. मी म्हटलं, मामा, शपथ घालणारी गेली आणि मी एक्कावन्न वर्षांची झाले, आता बोला.

मामांनी सांगितलं. तू नऊ वर्षांची, मी दोनची. तू मला कडेवर घेऊन दारातल्या पायऱ्या उतरत होतीस आणि पाय घसरला. माझं गळ्याखालचं हाड मोडलं, जुळलं, पण थोडं आखूड जुळलं. तू दोन दिवस जेवली नाहीस. आणि आईनं घरातल्या प्रत्येकाला बजावलं की हा विषय पुन्हा निघायचा नाही, ना धाकटीसमोर, ना मोठीसमोर. मग ती शिवायला बसली आणि आपल्या दोघींना चाळीस-पंचेचाळीस वर्षं सरळ दाखवत राहिली. मला वाटावं की माझ्यात काही कमी नाही, आणि तुला माझ्याकडे बघून ते रोज आठवू नये. मला तिनं पुरतं फसवलं. तुला मात्र नाही फसवता आलं तिला. कारण पॅड जरा सरकलं की तुझा हात यायचा.

आणि मी तुला त्याच हातासाठी, भर माणसांत, आई जाऊन चार दिवस झालेले असताना, ते बोलले. माझं चुकलं, ताई. मी तीस वर्षं लोकांची मापं तपासत आले आणि दोष आहे की नाही हे फक्त समोरच्यातच बघत आले. पडल्याचं मला काहीही आठवत नाही, अगदी खरं सांगते. पायऱ्या आठवत नाहीत, दुखल्याचं आठवत नाही. आठवतो तो तुझा हात, आणि मागून हळूच आलेलं 'हं, आता नीट'. तू ते ओझं एकोणपन्नास वर्षं एकटीनं वाहिलंस. आता ते खाली ठेव. माझी अजिबात तक्रार नाही.

जास्त काय लिहू? भावोजींना गुडघ्यांना शेक घ्यायला सांग. थंडी अजून आलेली नाही, पण दारात उभी आहे.

तुझी धाकटी,
जिला तू लहानपणी 'फूटपट्टी' म्हणायचीस
(साधारण सरळ)

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. कोट मी सगळा उसवलाय. नव्यानं, डावा वेगळा, उजवा वेगळा कापायचा आहे, पण आईचं माप जुनं झालं, मी तेव्हापेक्षा सगळीकडून वाढले आहे. आणि दोन दिवसांच्या खटपटीनंतर कळलं की स्वतःच्या खांद्याचं आणि पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. मागं कुणीतरी उभं लागतं. तू ये. पंधरा दिवसांत थंडी पडेल, त्याच्या आत ये. टेप तपासून ठेवलेली आहे.

ता. क. २ : हे म्हणाले, त्यासाठी ताईंना कशाला त्रास, मी घेतो माप. घेतलं. त्यांच्या मापानं माझे दोन्ही खांदे तंतोतंत सारखे आहेत. चांगला माणूस आहे, पण माप खोटं सांगणं हा आमच्या खात्यात गुन्हा आहे, म्हणून त्यांना त्या पायजम्याची शिक्षा आणखी आठवडाभर वाढवली.

ता. क. ३ : काकांकडून मी एक डावं पॅड आणलं. ते तू येईपर्यंत लावणार नाही. जुना कोट, ती चार भोकं असलेला, त्यातलं आईचं पॅड काढून टाकून, तसाच अंगात घालून दार उघडीन आणि पाठ करून उभी राहीन. माप नंतर घेऊ, चहा नंतर पिऊ. तू आधी खांदा ओढ.