ढोल्याचा वरचा कान

३ मार्च, सकाळी ७
आमचा कुत्रा ढोल्या कालपासून मान डावीकडे कलती करून बसतोय. मध्येच डोकं झटकतो. सूनबाई म्हणते, कानाला वास येतोय, डॉक्टरकडे न्या. हल्ली शिंक आली तरी डॉक्टर. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले मी. कान म्हणजे काय, उलटा बसवलेला स्पीकर. आठ दिवसांत बरा करतो.

४ मार्च
निदान झालं. डावा कान खाली, उजवा वर. दुखरा पाय आपण उचलून धरतो, तसा दुखरा कान तो वर धरतो. म्हणजे उजवा. घरात एवढी शिकलेली माणसं, पण हे एकालाही सुचलं नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, वास डाव्या कानाचा येतोय." मी वाद घातला नाही. मडकं वाजवून घेतात, हुंगून नाही.

५ मार्च
उजव्या कानात कोमट तेल, पाच थेंब. वर कापसाची काडी फिरवली. ढोल्याने सहकार्य केलं. सोफ्याखालून ओढायला तेवढा पाऊण तास गेला. आमच्या हिने विचारलं, हाताला काय झालं? म्हटलं, स्क्रूड्रायव्हर लागला.

७ मार्च
शेजारचा रिटायर्ड कंपाउंडर म्हणतो, कानात तेल घालू नका. जन्मभर बाटल्यांना लेबलं चिकटवली, तो मला शिकवणार. उंटावरचा शहाणा. थेंब दहा केले.

८ मार्च, दुपारी
फत्ते. मान सरळ झाली. आता दोन्ही कान सारखेच झटकतो, म्हणजे बॅलन्स साधला. सूनबाईला बोलावून दाखवलं. काही बोलली नाही. हरलेली माणसं बोलत नाहीत.

१० मार्च
ढोल्या जेवला नाही. तीन हाका मारल्या, मान वळवली नाही. माझी चप्पल वाजली तरी दारात नाचणारा प्राणी हा. बहिरा तर झाला नाही? कुणाला बोललो नाही. सूनबाईने फारच हट्ट धरला म्हणून उद्या क्लिनिकला जायचं कबूल केलं. तिचं मन कशाला मोडा.

११ मार्च
डॉक्टरीण म्हणजे कालची पोर. बॅटरी लावून आत बघितलं. म्हणाली, इन्फेक्शन पहिल्यापासून डाव्या कानात. उजवा चांगला होता, तो तेलाने आणि काडीने सुजलाय. तेल कुणी घातलं? मी म्हटलं, घरात माणसं बरीच आहेत. सूनबाई भिंतीवरचं मांजरींचं पोस्टर वाचत राहिली.
शेवटी विचारलंच. "ऐकू येईल ना त्याला?"
"येतंय की, आजोबा. तुमचा आवाज ऐकूनच तर तो टेबलाखाली जातोय."

१३ मार्च
दोन्ही कानांत ड्रॉप्स, सकाळ-संध्याकाळ. सूनबाई घालते. मांडीवर डोकं टेकून गप घालून घेतो, लबाड. आज जेवलाही. डॉक्टरणीची सूचना, औषधाच्या वेळी आजोबा समोर नकोत. त्यामुळे दिवसातून दोनदा मी दहा-दहा मिनिटं बाथरूमला आतून कडी लावून बसतो. अजून एकदाही चुकवलेलं नाही. अशी शिस्त दुसऱ्या कुणाला जमली नसती.