निळ्या गाडीतली शेजारची सीट

१२ जानेवारी, सोमवार
डॉ. बाई निळी गाडी आमच्या गॅरेजवर सोडून गेल्या. चावी हातात दिली. "शीतल, टर्बो बसवायचाय. सिंगल की ट्विन ते तू ठरव. शनिवारी सांग." मग माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या बाईकवर मागं बसून किकवीच्या स्टॉपपर्यंत. भोरमधली निम्मी लेकरं ज्यांनी तपासली त्या बाई, वय बावन्न, पर्स छातीशी धरून.
वर्षातून दोनदा ही गाडी रेसच्या ट्रॅकवर नेतात. ह्या खेपेला सरळ पट्ट्यात कुणी पुढं जाता कामा नये, असं म्हणाल्या.
मी "चालेल मॅडम" म्हणाले. जॉब कार्ड भरताना बोटं गार.
मिलिंद खूश. दिवसभर शीळ. त्याला वाटतं मी बरी झाले.

१३ जाने.
बॉनेट उघडून मापं घेतली. सहा सिलिंडर एका रांगेत, धूर निघायची बाजू उजवीकडं, ड्रायव्हरच्या अंगाला.
टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. ट्विन: दोन छोटे टर्बो, तीन-तीन सिलिंडरला एक. लवकर हवा भरतात. गाडी हळूहळू चढत जाते, चाहूल लागते.
सिंगल: एकच, मोठा. इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्या घेईपर्यंत काहीच न्हाई, आणि मग एकदम. पाठीत कुणी लाथ घातल्यासारखं.
मला ते एकदम नको.
पण ट्विनमधला मागचा टर्बो ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपासून एक मूठ लांब येतो; त्यातलं ऑइल उकळलं की ब्रेक लागत न्हाई. मूठ घालून बघितली. माझी मूठ लहान आहे.

१५ जाने.
मागच्या मार्चचं एकदा लिहून टाकते.
पुण्याच्या गिऱ्हाइकाची गाडी. मिलिंद चालवत होता, मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप. माझं कामच ते. गाडी जोरात पळत असताना आकडे बघायचे, पेट्रोल-हवा जुळवायची. हायवेवर टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप निसटला. ऑइल तापल्या लोखंडावर. आधी वास, मग बॉनेटच्या फटीतून पिवळा जाळ. मिलिंद बाहेर पडला. माझं दार उघडेना. लॉक गेलेलं. त्यानं काचेतून ओढून काढलं. डाव्या हातावर डाग आहे तो त्याचा.
तेव्हापासून एकाही गाडीत शेजारी बसले न्हाई. गिऱ्हाइकांना सांगते, आता उभ्या गाडीतच ट्यूनिंग होतं. हलकीफुलकी कामं घेते. मिलिंदला सांगते, पाठ दुखते.
ट्विनला दोन ऑइल पाइप. निसटायला दोन.

१७ जाने., शनिवार
फोनवर सांगितलं, ट्विन.
कारणं दिली: लवकर उचलते, वळणातून निघताना बरं पडतं. सगळी खरी. ब्रेकचं बोलले न्हाई.
"बरं," म्हणाल्या. एक प्रश्न न्हाई. माझ्या लेकीला, गौतमीला न्यूमोनिया झाला तेव्हा मीही त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. सुई टोचू दिली होती.
जेवण गेलं न्हाई.

२० जाने.
मिलिंद वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून उभा. "हितं मागचा टर्बो आला तर ब्रेकचं ऑइल उकळंल की."
"पत्रा लावू मधी."
"पत्र्यानं किती भागंल? ट्विन का धरलं तू?"
"लवकर उचलते."
"शीतल, खरं सांग."
मी पाना टाकून घरात आले. ओरडले पण. पाठीचं काय बोलले ते आठवत न्हाई. त्यानं काम थांबवलंय. गाडी तशीच उघडी.

२२ जाने., गुरुवार
डॉ. बाई गुरुवारी वेल्ह्यातल्या दवाखान्यात बसतात. स्कूटर घेऊन गेले. फोनवर जमलं नसतं.
गर्दी. चिठ्ठी नंबर २३. बाकावर बायका, मांडीवर तापलेली पोरं. पासलीची एक म्हातारी नातवाला घेऊन, मला म्हणाली, "तुजं पोर कुठंय?" मी म्हटलं, घरी हाय. "मग तू कशाला आलीस?" काय सांगणार.
नंबर आला. आत गेले, पण स्टुलावर बसले न्हाई. एका दमात सगळं सांगितलं. ब्रेक, मूठ, मार्च, दार, पाठदुखीचं खोटं. की एकदम येणाऱ्या जोराला भिऊन मी ट्विन म्हणाले, गाडीसाठी न्हाई. की तुमच्या गाडीला सिंगलच बरोबर, पुढं वर बसतो, ब्रेकपासून लांब.
त्या पेन ठेवून ऐकत होत्या. चिडल्या. आवाज चढला न्हाई, पण चिडल्या. "त्या ब्रेकवर पाय मी देणार आहे शीतल. हे शनिवारी सांगायला हवं होतंस."
"व्हय मॅडम."
"सिंगल बसवा. बेताचा. लोकांना दाखवायला मोठा नको."
मी दाराशी गेले तेव्हा म्हणाल्या, "झोप लागते का?"
मी मान हलवली, न्हाई.
"ह्यावर माझ्याकडे औषध नाही गं. पुण्यात समुपदेशन करणाऱ्या ओळखीच्या बाई आहेत, त्यांचा नंबर देते. आणि नवऱ्याला सांग. पाठदुखीचं नाटक बंद."


२३ जाने.
सांगितलं. मिलिंद हातातला कपडा पिळत बसला. मग, "म्या तुला आधी काढायला पायजे होतं. म्या आधी भायेर पडलो." वर्षभर हेच धरून बसला होता म्हणे. मला माहीत नव्हतं.
मग चहा ठेवला.

३१ जाने.
सिंगल जागेवर. मिलिंदचं वेल्डिंग बघण्यासारखं.
ऑइलचा पाइप मी स्वतः बसवला. दोन क्लिप. परत काढला. परत बसवला. मिलिंद टॉर्च धरून उभा राहिला.

६ फेब्रु.
गाडी चालू केली. खाली पांढरा कागद पसरला. अर्धा तास. थेंब न्हाई. पुण्याच्या बाईंना फोन केला, त्यांनी पुढच्या बुधवारची वेळ दिली.
शेजारच्या सीटवर बसून बघितलं, इंजिन बंद, दार उघडं. दोन मिनिटं. घाम.

८ फेब्रु., रविवार
प्लॉटिंगचा रस्ता. सरळ, काँक्रीटचा, अजून एक घर उठलेलं न्हाई. मालकाची परवानगी काढलीय, दोन्ही टोकांना ड्रम लावले. सकाळी सात.
मी बसायची होते. दाराला हात लावला आणि तो वास आला. ऑइलचा. नव्हता तिथं, मिलिंदनं शपथ घेतली, तरी आला. मला जमलं न्हाई.
स्टिअरिंगवर बसलेल्या डॉ. बाई पुढं बघत म्हणाल्या, "ठीक आहे."
मिलिंद बसला, लॅपटॉप नुसता नोंद करायला लावून दिला. मी दगडांच्या ढिगावर उभी. टर्बोची ती शिट्टी ऐकू आली, मग आवाज एकदम फुटला, निळी गेली. दोघंही त्यात. गौतमीचा बाप त्यात. परत येईपर्यंत मी काय करत होते माहीत न्हाई, हातात चुरगाळलेलं गवत होतं.
दुपारी नोंद बघितली. ४,२०० फेऱ्यांना एक क्षण पेट्रोल कमी पडतंय. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे आत भट्टी. अर्धा सेकंद फक्त. तसंच दाबत राहिलं तर पिस्टन वितळायचा, कदाचित त्याहून वाईट.
डॉ. बाईंना लगेच कळवलं. ह्या वेळी लगेच.

१० फेब्रु.
पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला. संध्याकाळी मिलिंद आणि डॉ. बाई परत एक फेरी. जोर अर्धाच, तरी तेच. अर्धा सेकंद.
कारण नोंदीवरून कळणार न्हाई. आत बसून, चालत्या गाडीत थोडं थोडं बदलत जायला पायजे. आणि लॅपटॉपवरची पेट्रोल-हवेची रेघ घसरली की त्याच क्षणी "सोडा" म्हणायला पायजे.
मिलिंद म्हणाला, "म्या बसतो. तू शिकव मला." दोन तास शिकवलं. त्याला रेघ दिसते, पण ती घसरायच्या आधी कशी हलते ते दिसत न्हाई. ते मला तरी कुणी शिकवलंय.
दुसऱ्या ट्यूनरला बोलवा, असं मी डॉ. बाईंना सांगितलं. नाव पण दिलं.
"विचार करते," म्हणाल्या.

११ फेब्रु., बुधवार
पुण्याच्या बाईंकडं जाऊन आले. तासभर. रडले जास्त, बोलले कमी. भीती जायची वाट बघत बसू नका, म्हणाल्या, आणि घाईही करू नका. म्हणजे काय करू?
परतताना एसटीत खिडकीशी बसले. काच सरकते का ते आधी बघितलं.

१३ फेब्रु.
डॉ. बाईंचा फोन. दुसऱ्या ट्यूनरला महिनाभर वेळ न्हाई. "गाडी उभी राहू दे. ट्रॅक पुढच्या खेपेला."
फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटलं. तासभर टिकलं ते.
मग मीच फोन केला. रविवारी या म्हटलं. का म्हटलं माहीत न्हाई. लगेच पस्तावले.

१५ फेब्रु., रविवार
गाडीत बसूनच लिहितेय. वही आकड्यांसाठी आणली होती. इंजिन गार व्हायला थांबलोय.
बसले. मिलिंदनं पट्टा आवळला, मग आतून बाहेरून दार चारदा उघडून दाखवलं. आग विझवायचा डबा माझ्या पायाशी. काचा खाली. डॉ. बाई म्हणाल्या, "तू सांगशील तेवढंच दाबीन. तू गप्प राहिलीस तरी पाय उचलीन."
पहिली चक्कर, इंजिन तीन हजारावर. रेघ जागेवर.
दुसरी, चार हजार. लाथ बसली. डोकं मागं आपटलं. सगळं पांढरं झालं आणि त्यात ती रेघ हलताना दिसली. "सोडा!" कसला आवाज तो, किंचाळले मी. त्यांनी त्याच क्षणी पाय उचलला.
पेट्रोल थोडं वाढवलं. सहा टक्के. परत चार हजार. रेघ सरळ.
आता राहिलं ४,२००. तिथं सहा पुरे पडतात का, ते तिथं गेल्याशिवाय कळत न्हाई.
मिलिंद गाडीखाली आडवा होऊन बघतोय. "कोरडंय," म्हणाला. परत एकदा बघ म्हटलं. बघतोय.
अक्षर वेडंवाकडं. पण आकडे वाचता येतायत, हे लिहून ठेवते.
डॉ. बाई पाणी पिऊन आल्या. पट्टा लावला. "निघायचं?"
अजून उत्तर दिलं न्हाई. त्या थांबल्यात, चावीला हात न लावता.